नाशिकमध्ये सेकंडहँड पेटी घेताना: कोणती घ्यावी आणि कोणती तिथेच ठेवून यावी

पेटी, म्हणजे हार्मोनियम, शिकायला नुकती सुरुवात केली आहे, तर सेकंडहँड घ्यावी का? आमचं उत्तर आहे, जरूर घ्यावी. नव्या स्वस्तातल्या पेटीपेक्षा चांगल्या हातात राहिलेली दहा-पंधरा वर्षांची पेटी बरेचदा गोड लागते. लाकूड मुरलेलं असतं, सूर वाजून वाजून स्थिरावलेले असतात, आणि जे वाकायचं-तडकायचं होतं ते एव्हाना वाकून-तडकून झालेलं असतं. नव्या पेटीचे दोष पहिल्या दोन पावसाळ्यांत बाहेर येतात. जुनीचे दोष तुमच्या डोळ्यांसमोर असतात, ते ओळखता मात्र यायला हवेत. ओळखायला अर्धा तास पुरतो. तेवढा वेळ द्यायला विकणारा तयार नसेल, तर तिथून उठावं.

नाशिकमध्ये जुन्या पेट्या साधारण चार वाटांनी बाजारात येतात. कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर, सिडको या भागांतल्या घरांतून येणाऱ्या पेट्या बहुधा मुलांच्या क्लाससाठी घेतलेल्या असतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक किंवा प्रवेशिका झाली, दहावी आली, पेटी माळ्यावर गेली. दिंडोरी, सिन्नर, निफाडकडच्या भजनी मंडळांनी नवी पेटी घेतली की जुनी निघते. जुन्या नाशकातला किंवा पंचवटीतला एखादा वाडा पाडायला निघाला की आजोबांच्या वेळची पेटी बाहेर येते. आणि गावातली वाद्यांची दुकानं जुनी पेटी बदल्यात घेतात, दुरुस्त करून पुन्हा विकतात. पहिल्या वाटेची पेटी शिकाऊ माणसाला सगळ्यात बरी. कमी वाजलेली असते आणि एका जागी राहिलेली असते. दुकानातली थोडी महाग पडते, पण दुकानदार वर्षभराची दुरुस्तीची हमी लिहून देत असेल तर तो जादा पैसा वाया जात नाही.

पेटी चालते कशी, तेवढं आधी

बाहेरचा भाता आपण हाताने हलवतो. त्यातली हवा चामड्याच्या झडपेतून आतल्या भात्यात जाते. आतल्या भात्याला स्प्रिंगा असतात, त्या हवा वर दाबतात. पट्टी दाबली की तिच्या टोकाखालचं भोक उघडतं आणि हवा पितळी सुराच्या जिभेवरून बाहेर पडते (चौकटीत बसवलेल्या या पितळी जिभेलाही, म्हणजे रीडलाही, सूरच म्हणतात). जीभ थरथरते, सूर लागतो. म्हणजे पेटीत बघायच्या गोष्टी तीनच आहेत: हवा कुठून पळते, भोक नीट उघडतं-मिटतं का, आणि जीभ शाबूत आहे का. पॉलिश, जाळीवरची नक्षी, कडेची पितळी पट्टी यांचा सुराशी काही संबंध नाही. विकायच्या आधी नुकतंच पॉलिश मारलेलं दिसलं तर उलट जास्त बारकाईने बघावं.

कोणत्या जातीची पेटी

सुरांच्या ओळींवरून पेटीची जात ठरते. खर्ज, नर आणि मादी अशी नावं आहेत. नर हा मधला, खर्ज त्याच्या एक सप्तक खाली, मादी एक सप्तक वर. एका ओळीची पेटी हलकी आणि स्वस्त. खर्ज-नर ही दोन ओळींची जोडी गाण्याच्या साथीला आणि रियाजाला आपल्याकडे सगळ्यात जास्त चालते. नर-नर, नर-मादी अशाही जोड्या असतात. तीन ओळींच्या पेटीला हवा जास्त लागते, शिकाऊ हाताला ती दमवते.

शिकायला सुरुवात करणाऱ्याने खर्ज-नर, तीन ते साडेतीन सप्तकांची, स्केल चेंजर नसलेली, कपलर असला काय नसला काय, अशी साधी पेटी शोधावी. तीन सप्तकांच्या पेटीत ३७ पट्ट्या असतात, सव्वातीनमध्ये ३९, साडेतीनमध्ये ४२. ३७ शिकायला पुरतात. गाणारी मुलगी काळी चार-पाचवर (सप्तकातल्या चौथ्या-पाचव्या काळ्या पट्टीवर) षड्ज लावत असेल तर वरच्या बाजूला दोन-चार पट्ट्या जास्त असलेल्या बऱ्या, तार सप्तकात जागा मिळते.

स्केल चेंजरचा मोह बऱ्याच जणांना पडतो. जाहिरातीत तोच शब्द मोठा लिहिलेला असतो. यात पट्ट्यांचा सगळा सांगाडा डावी-उजवीकडे सरकतो, त्यामुळे बोटं त्याच पट्ट्यांवर ठेवून षड्ज बदलता येतो. नव्या, चांगल्या कारागिराच्या पेटीत ही सोय सुरेख चालते. पण जुन्या स्केल चेंजरमध्ये सरकणारा भाग झिजतो, पट्टीचं टोक खालच्या दांडीवर बरोबर मधोमध बसत नाही, मग एखाद्या स्केलवर दोन-तीन पट्ट्या अर्ध्याच उघडतात. तो सूर दबका, हवा खाणारा येतो. दुरुस्तीला सगळा सांगाडा काढावा लागतो. वजन वाढतं ते निराळंच. आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने मोठा तोटा हा की, काळी एकपासून पांढरी पाचपर्यंत वेगवेगळ्या षड्जांवर बोटं फिरवायची सवयच लागत नाही. सेकंडहँड स्केल चेंजर पहिली पेटी म्हणून घेऊ नये, हे आमचं ठाम मत.

कपलर म्हणजे एक पट्टी दाबली की तिच्या सप्तकाची जोडपट्टी आपोआप दाबली जाते. आवाज भरतो. जुन्या पेटीत कपलरच्या तारा वाकलेल्या असतात. तपासायला कपलर लावून एकेक पट्टी दाबत जावं आणि जोडीची पट्टी पूर्ण खाली जाते का ते बघावं. तीन-चार जागी अडखळत असेल तरी पेटी नाकारायचं कारण नाही, कपलर बंद ठेवून शिकता येतं. त्यासाठी भाव मात्र कमी करून मागावा.

घडीची पेटी, म्हणजे सूटकेससारखी मिटणारी, प्रवासाला छान. पण उघड-मिट होणाऱ्या सांध्यांतून हवा पळायची शक्यता जास्त, म्हणून हवेची परीक्षा तिथे दुप्पट कडक घ्यावी.

वाड्यातून कधी कधी पायपेटी किंवा ऑर्गन निघतो. नाट्यसंगीताच्या जमान्यातला तो आवाज ऐकून जीव हरखतो हे खरं. पण ऑर्गन हवा आत ओढून वाजतो, आपली पेटी हवा बाहेर ढकलून वाजते. त्याची दुरुस्ती हे वेगळंच काम आहे आणि ते करणारे हात थोडे. जपायला घ्या, शिकायला नको.

भजनी मंडळाच्या पेटीबद्दल थोडं सविस्तर

हिची किंमत सगळ्यात कमी असते, म्हणून शिकणारे इकडे वळतात. या पेट्या मुळात दणकट असतात, सागवानी असतात, आणि कित्येकदा त्यांचे सूर आजच्या स्वस्त पेटीपेक्षा चांगल्या पितळेचे असतात. पण पेटीने पौषातली त्र्यंबकेश्वरची यात्रा पाहिलेली असते, आषाढात दिंडीबरोबर पाऊस खाल्लेला असतो, सप्ताहात रात्र-रात्र ती मांडवात राहिलेली असते.

अशा पेटीची जाळी उचलून मोबाईलचा टॉर्च आत मारा. पट्ट्यांच्या मागच्या टोकांशी, जिथे भोकं झाकणाऱ्या गाद्या असतात, तिथे काळसर रेघ दिसेल. तो बुक्का. त्याच्यात गुलालाची लाली मिसळलेली असते आणि दोन्हीवर उदबत्तीचा, समईच्या काजळीचा तेलकट थर. बोट फिरवलं तर झटकून निघत नाही, चिकटतो. हा थर गादीखाली गेला की भोक पूर्ण मिटत नाही आणि पट्टी न दाबताही बारीक सूर लागून राहतो. जिभेच्या आणि चौकटीच्या फटीत गेला तर सूर मुका होतो किंवा फरफरतो. साफसफाईने यातलं पुष्कळसं सुधारतं. पण जिभांवर हिरवट थर चढला असेल तर ओल आतपर्यंत पोचली आहे असं समजावं. एखाद-दुसरी जीभ हिरवी असेल तर चालेल, ओळच्या ओळ हिरवी असेल तर नको.

अशा पेटीत नर सुरांची एकच ओळ असते तेव्हा शाळकरी मुलासाठी ती चांगली निवड आहे. हलकी, कमी हवेत वाजणारी, आणि चुकून आपटली तरी जीव हळहळत नाही.

अर्ध्या तासाची परीक्षा

जाताना मोबाईलमध्ये ट्यूनर, म्हणजे सूर किती चढा-उतरा आहे ते दाखवणारं अ‍ॅप, उतरवून घ्या, सोबत छोटा स्क्रू-ड्रायव्हर, साध्या कागदाची बोटभर रुंदीची पट्टी आणि वही-पेन असू द्या. क्लासच्या गुरुजींना किंवा ताईंना बरोबर नेता आलं तर उत्तमच, पण ते वाजवून बघतील सुराकडे कान देऊन, हवेकडे तुम्हीच लक्ष द्या. पेटी टेबलावर नको, जमिनीवर सतरंजी टाकून त्यावर ठेवा. पंखा बंद करायला सांगा.

पहिली परीक्षा खटके (समोरच्या ओढायच्या खुंट्या, ज्यांनी सुरांच्या ओळींची हवा सुरू-बंद होते) बंद ठेवून. सगळे खटके आत ढकला आणि भाता सावकाश भरा. तीन-चार हात मारल्यावर भाता जड लागायला हवा, हाताला अडल्यासारखा. इथे जोर करू नका, बंद खटक्यांवर जोराने हवा भरली तर जुन्या भात्याचा सांधा सुटतो. आता हात काढा. बाहेरचा भाता आपोआप मागे ढकलला जाऊ लागला, तर आतली झडप गळते आहे. भाता जागेवर राहिला पण पेटीतून सुस्कारा ऐकू येत असेल, तर गाल भात्याच्या घड्यांजवळ आणि कडांजवळ फिरवा. हवेची झुळूक बोटांपेक्षा गालाला लवकर कळते. घड्यांच्या कोपऱ्यांत गळणं हे सगळ्यात जास्त आढळणारं आणि सगळ्यात सोपं दुखणं, चामड्याचा तुकडा डिंकाने बसवला की झालं. भात्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवलेली असेल तर ती कुठे कुठे आहे ते मोजा. दोन जागी असेल तर दुरुस्ती, सात-आठ जागी असेल तर भाताच बदलायला आला आहे.

दुसरी परीक्षा खटके उघडे, पट्टी एकही दाबायची नाही. भाता भरा आणि कान द्या. पहिल्या परीक्षेत हवा टिकली आणि आता पळते आहे, तर गळती पट्ट्यांखालच्या गाद्यांतून आहे. एखादा सूर आपोआप लागला तर ती पट्टी बोटाने हलकेच वर उचलून सोडा. सूर थांबला तर स्प्रिंग सैल आहे किंवा कचरा अडकला आहे, किरकोळ काम. थांबला नाही तर गादी वाकडी झाली आहे किंवा सुरांची फळी, म्हणजे सूर बसवलेली लाकडी फळी, तडकली आहे. तडकलेल्या फळीची आणखी एक खूण म्हणजे एक पट्टी दाबली की शेजारचा सूरही पुसट वाजतो. फळी तडकलेली पेटी घेऊ नये. किंमत कितीही कमी असो, घेऊ नये. लांबी (पुट्टी) भरून ती चीर बुजवता येते, पण नाशिकचा कोरडा उन्हाळा ती पुन्हा उघडतो.

खटक्यांबद्दल एक सांगायला हवं. समोर सात-नऊ खटके दिसले म्हणून पेटी मोठी असं नसतं. कित्येक पेट्यांत त्यातले काही नुसते शोभेचे असतात. एकेक ओढून आवाजात काय फरक पडतो ते ऐका आणि वहीत लिहा: हा खर्जाचा, हा नराचा, हा आधारसुराचा (पट्टी न दाबता सतत वाजत राहणाऱ्या सुराचा), हा कशाचाच नाही.

तिसरी परीक्षा घड्याळाची. भाता पूर्ण भरा, मध्य सप्तकातली एक पट्टी दाबून धरा, हात भात्यावरून काढा, सेकंद मोजा. बेताच्या आकाराच्या पेटीत एका भरण्यावर सूर १५ सेकंदांच्या पुढे टिकला तर पेटी घट्ट आहे. १० च्या आसपास असेल तर चालून जाईल. पाच-सहा सेकंदांत विझला तर शिकणाऱ्याचा डावा हात रोज त्या गळतीची भरपाई करत बसेल, उजव्या हाताकडे लक्ष राहणारच नाही. मोजताना प्रत्येक पेटीवर तीच पट्टी आणि तेच खटके ठेवा, कारण खालच्या सुरांना हवा जास्त लागते. दोन पेट्यांची तुलना त्याशिवाय खरी ठरत नाही.

चौथी, अगदी हळू वाजवायची. भाता जेमतेम हलवत, खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत प्रत्येक पट्टी, पांढऱ्या आणि काळ्या दोन्ही. जोरात वाजवून दाखवणारा विकणारा हाच भाग झाकत असतो. कमी हवेत कुठला सूर उशिरा उठतो, कुठला उठतच नाही, कुठला घोगरा लागतो हे वहीत टिपा. उशिरा उठणाऱ्या सुराची जीभ चौकटीपासून जास्त उचललेली असते, अजिबात न उठणाऱ्याची बहुतेक चौकटीला टेकलेली. दोन्ही गोष्टी जाणकार हात मिनिटभरात नीट करतो. फरफरणाऱ्या सुरात बहुधा धुळीचा कण असतो, तो कागदाची पट्टी जिभेखालून हलकेच ओढली की निघतो. सुई, टाचणी, ब्लेड कधीही लावू नका. जिभेवर एक ओरखडा उठला तरी सूर हलतो.

पट्ट्यांच्या हालचालीसाठी प्रत्येक पट्टी पाच-सहा वेळा भरभर दाबा. वर यायला आळस करते का, शेजारणीला घासते का, दाबल्यावर डावी-उजवीकडे डुलते का? जून ते सप्टेंबरमध्ये लाकूड फुगतं, तेव्हा दोन-तीन पट्ट्या घासल्या तर घाबरू नका. एप्रिल-मेमध्ये घासत असतील तर सांगाडाच वाकला आहे. उलट, उन्हाळ्यात हवा थोडी जास्त पळते आणि पावसाळ्यात तीच पेटी घट्ट वाटते. म्हणून शक्य असेल तर उन्हाळ्यात पेटी बघावी. मे महिन्यात जी हवा धरते ती वर्षभर धरते.

सूर जुळलेले आहेत का

ट्यूनर ४४० हर्ट्झवर ठेवा. पांढरी सहा म्हणजे पाश्चात्त्य ए, ती बरोबर ४४० ला असावी ही अपेक्षा जुन्या पेटीकडून ठेवू नका. पेटी पूर्णच्या पूर्ण १०-१५ सेंट (सेंट म्हणजे लगतच्या दोन सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) चढी किंवा उतरी असेल तर शिकायला काही बिघडत नाही. बघायचं ते आपसातलं नातं. एक ओळ उघडी ठेवून मध्य सप्तकातले बाराही सूर वाजवा, प्रत्येकापुढे ट्यूनरचा आकडा लिहा. सगळे आकडे एकमेकांच्या जवळपास, समजा अधिक ८ ते अधिक १४ च्या मध्ये असतील, तर पेटी जुळलेली आहे. अकरा सूर अधिक १० ला आणि एक उणे २० ला, असं असेल तर एका सुराचं काम आहे. आकडे सगळीकडे विखुरलेले असतील तर पूर्ण जुळवणी लागणार. दोन ओळींच्या ३७ पट्ट्यांच्या पेटीत ७४ सूर होतात, ते एकेक घासून जुळवायचं काम आहे आणि त्याची मजुरी त्याच हिशेबाने लागते.

मग खर्ज आणि नर दोन्ही उघडून तेच बारा सूर. आवाज सरळ यायला हवा. 'वँव-वँव' अशी लहर येत असेल तर दोन ओळी एकमेकींपासून सरकल्या आहेत. लहर सावकाश असेल तर फरक थोडा, जलद असेल तर जास्त.

इथे एक फसगत होते. ट्यूनरवर शुद्ध गंधार १४ सेंटच्या आसपास उतरा दिसतो, कोमल सूर वेगळेच दिसतात, आणि तरी पेटी कमालीची गोड लागते. अशी पेटी बिघडलेली नसते, ती गंधार ट्यूनिंगची असते. म्हणजे एका ठरावीक षड्जाला धरून तिचे सूर नैसर्गिक गंधाराप्रमाणे जुळवलेले असतात. पेटीचे बारा सूर सारख्या अंतरावर बसवल्याने रागातल्या स्वरांना ते पूर्ण न्याय देत नाहीत, हा आक्षेप फार जुना आहे. पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघत नाही हा दुसरा. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला दारं बंद ठेवली त्यामागे हेच वाद होते. गंधार ट्यूनिंग हे त्यातल्या पहिल्या आक्षेपाला कारागिरांनी दिलेलं उत्तर. पण तुमचा षड्ज काळी एक आणि पेटी काळी चारला जुळवलेली, तर तीच पेटी तुमच्या गळ्याला बेसूर लागेल. म्हणून विकणाऱ्याला सरळ विचारा, "काका, ही कुठल्या षड्जाला जुळवलीय? शेवटचं ट्यूनिंग कधी केलं, आणि कितव्यांदा?"

'कितव्यांदा' हा प्रश्न महत्त्वाचा आहे. सूर चढवायला जिभेचं टोक घासतात, टोक हलकं होतं. उतरवायला मुळाशी घासतात, जीभ लवचीक होते. दर वेळी पितळ कमी होतं, परत येत नाही. मुळाशी फार घासलेली जीभ एक दिवस तिथेच तुटते. सुरांची फळी उघडून दाखवायला विकणारा तयार असेल तर टॉर्च तिरपा धरून बघा. जिभेवर मुळाशी आणि टोकाशी बारीक रेघा असणारच, त्या कारागिराच्या हाताच्या आहेत. पण खोल, आडवेतिडवे चरे असतील तर कोणीतरी घरी कानशीने प्रयोग केले आहेत. मधल्या सप्तकातल्या एखाद्याच जिभेच्या टोकाला कथलाच्या डागाचा थेंब दिसला, तर ती जास्त घासली गेली होती आणि वजन देऊन खाली आणली आहे. एकीवर असेल तर हरकत नाही. चार-पाच जणींवर असेल तर पुढची जुळवणी ती ओळ सोसणार नाही.

'जर्मन सूर' हे शब्द जाहिरातीत हमखास भेटतात. जुन्या चांगल्या पेट्यांत जर्मन सूर खरोखर असत आणि त्यांचा मान अजून आहे. आपल्याकडे गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर प्रसिद्ध आहेत. पण पट्टीवर ठोकलेल्या नावावर किंमत ठरवू नका, नाव ठोकायला कारागिरी लागत नाही. चौथ्या परीक्षेत सूर कसा उठला, त्यावर ठरवा.

पेटी उघडलीच आहे तर कोपरेही बघून घ्या. लाकडाचा बारीक पिवळसर भुगा आणि टाचणीएवढी भोकं म्हणजे भुंगेरा. मातीची रेघ म्हणजे वाळवी. उंदराच्या लेंड्या दिसल्या तर भात्याच्या आतल्या कडा पुन्हा तपासा, डिंकाच्या वासाने उंदीर तिथेच कुरतडतात. वाळवी लागलेली पेटी घरात आणू नका, ती पेटीपुरती थांबत नाही.

भाव

आकडा सांगण्यापेक्षा रीत सांगतो, कारण आकडे दर वर्षी बदलतात. त्याच जातीची, तेवढ्याच पट्ट्यांची साधी नवी पेटी आज दुकानात कितीला आहे ते आधी विचारून घ्या. घट्ट हवेची, जुळलेली, दहा वर्षांच्या आतली पेटी असेल तर त्याच्या निम्म्यापर्यंत, फार तर साठ टक्क्यांपर्यंत जावं. त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करावा. समजा नवी १६ हजारांना आहे, तर जुनीची वरची मर्यादा ८ ते साडेनऊ हजार. पूर्ण जुळवणी आणि भात्याची डागडुजी मिळून दुरुस्तीवाल्याने ३ हजार सांगितले, तर तुमचा भाव ५ ते साडेसहा. दुरुस्तीचा अंदाज आधी घ्या, भाव नंतर करा. वहीत टिपलेले दोष विकणाऱ्याला वाचून दाखवले की भाव करणं सोपं जातं आणि वाईटपणाही येत नाही.

दुरुस्तीसाठी पेटी मुंबई-पुण्याला पाठवायची वेळ येऊ नये अशीच पेटी निवडा. साधी खर्ज-नर पेटी इथला कारागीर उघडतो, समजतो, नीट करतो. गुंतागुंतीची पेटी पंचवटी एक्सप्रेसमध्ये मांडीवर घेऊन न्यावी लागते आणि आणायला पुन्हा एक दिवस मोडतो.

घरी आणताना आणि आणल्यावर

भाता मिटवून त्याचा हूक लावा, खटके बंद करा. स्कूटरच्या पायाशी ठेवून आणू नका, खड्ड्यांचा दणका थेट सुरांच्या फळीला बसतो. रिक्षात मांडीवर किंवा गाडीच्या सीटवर, खाली उशी घालून आणा.

पहिले आठ दिवस रोज पंधरा-वीस मिनिटं सगळ्या सप्तकांत हळू हळू वाजवा. बंद पडून राहिलेल्या पेटीचे दोन-चार मुके सूर एवढ्याने बोलू लागतात. जुळवणी त्यानंतर करून घ्या, आणल्या-आणल्या नको. नव्या घरातल्या हवेला लाकूड सरावलं की सूर थोडे हलतात, मग पहिल्याच दिवशी केलेली जुळवणी वाया जाते.

नाशिकच्या उन्हाळ्यात पेटी कूलरच्या झोतात ठेवू नका. दुपारी ओली हवा, रात्री कोरडी, हा खेळ फळीला सगळ्यात वाईट. पावसाळ्यात जमिनीवर नको, भिंतीला टेकून नको, स्टुलावर सुती कापड घालून ठेवा, आणि आत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. त्या गाद्यांना किंवा पट्ट्यांना लागणार नाहीत अशा कोपऱ्यात चिकटवाव्या. झुरळांसाठी डांबराच्या गोळ्या पेटीच्या खोक्यात ठेवाव्या, पेटीच्या आत नको.

पट्टी घासू लागली म्हणून तेल, ग्रीस किंवा स्प्रे मारायचा नाही. तेल लाकडात उतरतं, गादीच्या चामड्यापर्यंत जातं आणि भोक चिकटून बसतं. श्रावणात घासणारी पट्टी शेजारच्या पट्टीपासून पोस्टकार्डाच्या जाडीएवढी दूर सरकवता येते का ते आधी बघा. पुष्कळदा तेवढं पुरतं. नाही सरकली तर कोजागिरीपर्यंत थांबा. हवा कोरडी झाली की ती पट्टी बहुतेक वेळा आपण होऊन मोकळी होते. तिला आधीच कानस लावली असेल, तर उन्हाळ्यात तीच पट्टी डुलायला लागते.